शेवटची घागर

एस्तेरने रिकामी घागर मास्तरांच्या कागदांवर ठेवली.

शांतवन मास्तर चटईवर बसून उद्याचे भाषण लिहीत होते. ख्रिस्ती कुटुंब सप्ताहाचा उद्या शेवटचा दिवस, रविवार. पाळकसाहेबांनी यंदा ‘पतीचे कर्तव्य’ हा विषय त्यांच्याकडे दिला होता. घागरीच्या बुडाला ओला गाळ होता. तो चौथ्या पानावर गोल उमटला.

“एस्तेर, शाई ओली आहे.”

“असू द्या. घागर कोरडी हाय.”

ती उंबऱ्यावर टेकली. पायांची भेगाळलेली बोटे तिने लुगड्यात ओढून घेतली. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते आणि ती पहाटे बाहेर पडली होती.

गावात एकच आड जिवंत होता, मिशनच्या आवारातला. पहाटे त्यातून पंचवीस-तीस घागरी निघत. मग पोहरा तळाला घासायचा आणि पुन्हा पाणी झिरपायला दुपार उलटायची. मास्तर चर्चच्या मंडळीचे कारभारी असल्याने आडाचा नियम त्यांनीच घातला होता. आड साऱ्या गावाला खुला, आणि मास्तरांच्या घरची घागर सगळ्यांच्या शेवटी. उपासनेनंतर उभे राहून त्यांनी हे सांगितले, तेव्हा पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. या आठवड्यात आज चौथ्यांदा एस्तेरची पाळी येईपर्यंत पोहऱ्यात गाळ आला. मग ती मैलभर लांब ओढ्यातल्या झिऱ्यावर गेली. तो खड्डाही आटला होता.

मास्तरांनी कागदावरची घागर उचलून बाजूला ठेवली. ते चिडले नाहीत. वर्गात एखाद्या मुलाला गणित कळले नाही की ते तेच गणित चिंचोके मांडून समजावत, तेही नाही जमले तर गोष्ट करून सांगत. आताही ते त्याच आवाजात बोलू लागले. टँकरचा अर्ज दिला आहे, लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालेले नाही, सगळे नवे आहे, दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जाईन. मग त्यांनी आईची गोष्ट काढली. ती एस्तेरला पाठ होती. वरच्या गल्लीतल्या विहिरीच्या काठाला त्यांच्या आईने हात लावायचा नव्हता. ती घागर घेऊन लांब उभी राहायची. साऱ्यांचे भरून झाले की कुणीतरी वरून ओतायचे, कधी विसरून निघून जायचे.

“आज त्याच गल्लीतल्या बाया आपल्या आडावर येतात,” मास्तर म्हणाले. “त्यांना आपण थांबवायचं का? आपण मागं राहायचं. हीच आपली साक्ष.”

“आपण म्हंजे कोण?”

मास्तरांना प्रश्न कळला नाही.

“तुमची आई तिथं शेवटी हुबी ऱ्हायची,” एस्तेर म्हणाली. “मी हितं हुबी हाय. आड तेवढा बदलला.”

वीस वर्षांत वर्गात न चढलेला आवाज त्या वेळी चढला. माझ्या आईचे नाव मध्ये आणायचे कारण नाही, असे ते म्हणाले. घागरभर पाण्यासाठी एवढा कांगावा कशाला, असेही म्हणाले. आतल्या खोलीत दोन्ही पोरींचे खेळणे थांबले. मास्तरांनी दोन घागरी सायकलला बांधल्या आणि ताडकन निघाले.

एस्तेरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजायला दहा मिनिटे होती.

चारचे टोल पडून थोडा वेळ होतो न होतो, तोच सायकल दारात आली. दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या, पाणी नितळ. मास्तरांचा राग वाटेतच उतरला होता.

“बघ. एवढं चिडण्यासारखं काय होतं त्यात?”

एस्तेर घागरीत डोकावली. तळ दिसत होता.

“रांग नव्हती?”

“होती की. वीसेक बाया असतील.”

“तुमच्या मागं कोण होतं?”

मास्तरांना मघाचे आठवले. ते आडावर पोचले तेव्हा रांगेतली तुळजाबाई म्हणाली होती, सरका गं, मास्तर आले, आपल्यासाठी लातूरला हेलपाटे घालणारा माणूस. रांग आपोआप दुभंगली. पोहऱ्याजवळच्या सिंधूने त्यांच्या हातातल्या घागरी घेतल्या आणि पोहरा स्वतःच ओढला. मास्तरीणबाई रुसल्या वाटतं, असे कुणीतरी म्हणाले, तेव्हा तेही हसले होते. दोराला त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता.

एस्तेर वाट पाहत राहिली. उत्तर मुलाच्या तोंडूनच यावे म्हणून मास्तर वर्गात थांबत, तशी.

“नियम विसरलो,” ते हळू म्हणाले.

“विसरला न्हाई. तुमच्यासाठी तो नव्हताच.”

मास्तरांची नजर कागदांवर गेली. गाळाच्या वर्तुळात एक ओळ नीट वाचता येत होती. ‘पतीने स्वतःला मागे ठेवावे.’ त्यांनी कागद पालथे घातले, आणि पाणी परत न्यायला उठून दोन्ही घागरींच्या गळ्याला हात घातला. एस्तेरने एकीवर तळवा ठेवला.

“एक ठेवा. पोरी सकाळपासून तहानल्या हायत.”

तिच्या आवाजात नरमाई नव्हती.

दुसरी घागर त्यांनी खांद्यावर घेतली आणि पायी निघाले. सदरा भिजत होता. आडावर पोहरा तळाला घासल्याचा आवाज येऊ लागला होता. तुळजाबाईने पुन्हा वाट करून दिली. मास्तर न बोलता रांगेच्या टोकाला गेले आणि भामाबाईच्या रिकाम्या घागरीमागे त्यांनी आपली भरलेली घागर ठेवली.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारी भामाबाई पाय ओढत यायची, म्हणून तिचा नंबर रोज शेवटून दुसरा असे.

“भरली हाय की तुमची. मग हुबं कशापायी?” भामाबाईने विचारले.

मास्तर वाकले आणि तिच्या घागरीत पाणी ओतू लागले. भामाबाईने घागरीच्या तोंडावर हात धरला.

“ऱ्हाऊ द्या. तुमच्या बायकूचं हाय ते. रोज माझ्या मागं हुबी असती ती. कवा रिकामी जाती, कवा गाळ नेती. म्या बघते की.”

मास्तरांनी घागर खाली ठेवली.

पुढची बाई सरकली. भामाबाई सरकली. मास्तरांनी भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलून एक पाऊल पुढे ठेवली, आणि मागे वळून पाहिले.

मागे कोणी नव्हते.