देवकणाचा धाकटा भाऊ

कोलायडरच्या आलेखावर एक लहानसा उंचवटा उगवला होता. प्रोटॉनांच्या टकरींतून बाहेर पडणाऱ्या फोटॉनांच्या जोड्या एका ठरावीक ऊर्जेपाशी अपेक्षेहून किंचित अधिक दिसत होत्या. प्रस्थापित सिद्धांतात हिग्ज कण, म्हणजे वर्तमानपत्रांचा ‘देवकण’, एकच. माझ्यासोबत संशोधन करणाऱ्या शंतनूने आणि मी त्या सिद्धांताला आणखी एक हिग्ज क्षेत्र जोडलं, आणि त्या अनाथ उंचवट्याला कूळ मिळालं: दुसरा, हलका हिग्ज. जगभरातून असे कितीतरी शोधनिबंध निघाले. त्यांतला एक आमचा होता, इतकंच.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत ‘इतकंच’ चालत नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि मंडळाने फलक लावला: ‘देवकणाचा धाकटा भाऊ शोधणाऱ्या उन्मेषचा जाहीर सत्कार’. खाली माझा दहावीतला फोटो.

सत्काराच्या दिवशी दुपारी प्रयोगाची नवी आकडेवारी आली. टकरी वाढल्या होत्या आणि उंचवटा विरघळला होता. ओहोटीनंतरच्या वाळूसारखी रेषा सपाट होती. माझा सारा प्रबंध त्या उंचवट्यावर उभा होता.

शंतनूचा फोन आला.

“सुतक कसलं पाळतोस रे? कपलिंग कमी करू, इतर कणांशी त्याची सलगीच कमी ठेवू. कण आहे, पण लाजाळू आहे, तुझ्यासारखा. म्हणून दिसत नाही. पुढचा पेपर तयार!”

“मग तो कधीच खोटा ठरणार नाही.”

“तेच तर! मॉडेल मरत नसतं, उन्म्या.”

“माझं मेलं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बाबा आरशासमोर नव्या सदऱ्याची बटणं लावत होते. आयुष्यभर कारकुनी केलेल्या त्यांना वाडीने पहिल्या रांगेतली खुर्ची प्रथमच देऊ केली होती.

“बाबा, तो कण नाहीये.”

“हरवला?”

“नव्हताच. योगायोगाला आम्ही कण समजलो.”

त्यांची बोटं बटणावर थांबली. “नक्की?”

“नक्की.”

“मग आज बोलू नकोस. खाली खुर्च्या मांडून झाल्यात.”

मी बोललो. शाल खांद्यावर पडली, श्रीफळ हातात आलं, आणि समोर धरलेल्या माइकमध्ये मी जन्मात पहिल्यांदा न अडखळता सांगितलं, “मी काहीही शोधलेलं नाही. ज्याच्यासाठी हा सत्कार आहे, तो कण अस्तित्वात नाही.”

मग टाळ्यांचा कडकडाट.

मंडळाचे अध्यक्ष निलेशभाऊ यांनी माइक ओढून घेतला. “पाहिलंत? याला म्हणतात विनय! फळांनी लगडलेलं झाडच वाकतं! नाहीतर आमचा वैभव, बारावीला काठावर पास झाला तर गल्लीभर नाचला!”

हशा पिकला.

“विनय नाही हो,” मी म्हणालो, “खरंच नाहीये तो.”

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. माझ्या सत्याला त्या मांडवात उभं राहायला तसूभर जागा नव्हती. जितकं बोलावं तितका मी थोर होत होतो.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. शेजारचे लोक बाबांचे हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. भरल्या सभेत माझं बोलणं त्यांना एकट्यालाच कळलं होतं, आणि एकटे तेच मान खाली घालून बसले होते.