कप्तान वाकत नाही

त्या दिवशी वहिनीच्या पदरात एक खोली पडायची होती. लहानशीच, पण दाराला आतून कडी असलेली. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने स्वच्छ सांगितलं होतं, "नवा पडदा दुपारी दोनच्या आत टांगलात, तर मागची खोली शिवणकामाला तुमची. नाहीतर ध्वनीवाला हात धुऊन मागे लागलाय, त्याला देऊन टाकतो."

इतकी वर्षं तिचं मशीन झोपायच्या खोलीत, पलंगाला खेटून होतं. रात्र झाली की नवरा उशीवर डोकं टेकून म्हणे, "अगं, बास ना आता ती खडखड." त्याच मशीनने घरात फ्रिज आणला, तेव्हा खडखड कुणाच्या कानाला टोचली नव्हती.

नाट्यगृहापुढचा रस्ता खोदून ठेवलेला होता आणि मागची बाजू कालव्यावर होती. दिराकडे बोट होती. त्याला घरात सगळे कप्तान म्हणत. सुरुवातीला थट्टेने, पुढे त्याला ते खरंच वाटू लागलं म्हणून.

"वहिनी, तासाभराचं काम. तुम्ही नुसतं बसायचं!"

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. उन्हं चांगली वर आली तरी कप्तान बोटीच्या छपराला फडकं मारत होता. जुनं छप्पर काढून त्याने हातभर उंच लोखंडी छप्पर बसवून घेतलं होतं, कारण सुकाणू धरताना त्याला मान वाकवावी लागे.

"कप्तान वाकत नाही, वहिनी."

"उठतो तरी का वेळेवर, भाऊजी?"

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. तो मदतीला आला होता, म्हणजे वहिनीने शिवलेल्या पडद्याच्या गठ्ठ्याला पाठ टेकून बसला होता. मखमल दबेल म्हणून तिने त्याला तिथून उठवलं, तर तो गठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला टेकला.

बोट सुटली आणि वळणाआधीच गुरगुरून थांबली. कप्तानाने काठाचा दोर सोडला होता, पण आत ओढून घ्यायचा विसरला होता. तो पाण्याखालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याला पार गुंडाळला गेला. दोघे भाऊ मागे ओणवे होऊन पाण्यात हात घालून बसले. "तू सोडलास", "मी कशाला सोडू", असं बराच वेळ चाललं. मग एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत तिला कचकच असा आवाज आला. तो आवाज तिने झोपेतसुद्धा ओळखला असता.

"अहो! ती माझी कापडाची कात्री आहे!"

"कात्री ती कात्री," नवरा म्हणाला. "दोर कापतेय की मस्त."

त्या कात्रीने तिने कधी कागद कापला नव्हता, घरात कुणाला कापू दिला नव्हता. नवऱ्याने ती परत दिली तेव्हा पाती चिखलाने भरली होती आणि धारेला खाचा पडल्या होत्या. तिचा राग आता हिशेबाला बसला होता, आणि हिशेब करताना ती बोलत नसे.

पुढे पूल आला. दगडी, बुटका. कप्तान ताठ उभा होता. छप्पर कमानीला धडकलं, पत्रा किंचाळला आणि बोट तोंड अडकलेल्या उंदरासारखी जागच्या जागी हलू लागली.

"गेल्या महिन्यात तर निघाली होती," कप्तान म्हणाला.

"गेल्या महिन्यात तुम्ही वाकत होतात."

पुलावर माणसं जमली. सल्ल्याला तोटा नव्हता. "मागे घ्या!" "जोर लावा!" "कालव्याचं पाणी कमी करायला सांगा कुणाला तरी!" वहिनीने वर पाहिलं. सगळे एकाहून एक धष्टपुष्ट होते.

"सल्ला पुरे झाला," ती ओरडली. "वजन द्या! खाली या आणि बोटीत बसा. बोट दबली तर छप्पर सुटेल."

आठजण हसत खाली उतरले. फुकटची सहल कोण सोडतो? बोट खाली बसली, छप्पर सुटलं, आणि कमानीला हातांनी रेटा देत सगळे पलीकडे निघाले. टाळ्या पडल्या. पाठोपाठ बुडाखाली मऊसा धक्का बसला. पुलापलीकडे गाळ साचला होता. डोक्यावरून सुटलेली बोट आता बुडाने रुतली.

"आता सगळे उतरा," कप्तान म्हणाला.

"उतरा," वहिनी म्हणाली, "आणि पडदा खांद्यावर घ्या. नाट्यगृह काठाकाठाने चालतच गाठायचं आहे."

तिने पदर खोचला आणि पुढे झाली. मागून नवऱ्याची हाक आली, "अगं, जरा दम खा, होईल सगळं!" तिने वळून पाहिलं नाही.

पडदा टांगला गेला. देखणा पडला, एक सुरकुती नाही. व्यवस्थापकाने तोंडभर कौतुक केलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. तीन वाजून गेले होते. मागच्या खोलीत ध्वनीवाला भोंगे रचत होता.

"तुमचा काय दोष म्हणा, ताई," व्यवस्थापक म्हणाला. "पण शब्द म्हणजे शब्द."

"माझा दोष आहे," ती म्हणाली. "मी बसून राहिले."

तिकडे माणसं उतरल्यावर बोट गाळातून सुटून वर आली होती आणि त्या छपरासकट पुलाच्या नको त्या बाजूला डुलत होती. नवरा धापा टाकत नाट्यगृहात आला. "अगं, सगळ्यांना घेऊन ये ना परत. वजन नाही तर बोट निघत नाही."

"वजन?" ती म्हणाली. "माझं आपल्या घरात कधी होतं?"

ती पायी घरी गेली. त्या आठातले दोघे तिच्याच वाटेने निघाले होते. त्यांना तिने चहा पाजला आणि पलंग उचलायला लावला.

अंधार पडता पडता भाऊ परतले. कप्तानाला पुलाखाली करवत मागून आणून छपराचे चारही खांब कापावे लागले होते. झोपायच्या खोलीचं दार बंद होतं. पलंग व्हरांड्यात होता. आत मशीन सुरू होतं.

"अगं, दार उघड. वादळ करू नकोस, जाऊ दे ना."

"गेलं की," आतून आवाज आला. "पलंग गेला."

त्या दिवसाच्या नुकसानीपोटी छप्पर कप्तानाने भरलं. पलंगाची जागा नवऱ्याने भरली. नाट्यगृहाच्या खोलीला कालव्याकडे उघडणारी खिडकी होती, ती हातची गेली, तो तोटा मात्र वहिनीच्या नावावर पडला, आणि कात्रीचाही.