वहिनीचा दुसरा नमुना

शाळेत असतात तसे कायद्यात रोगांचेही वर्ग असतात. पहिल्या वर्गातल्या रोग्याला उचलून वेगळ्या खोलीत नेतात. तिसऱ्या वर्गातल्याने घरी राहिलं तरी चालतं. फक्त दुसऱ्यांच्या अन्नाला हात लावायचा नाही. वहिनीचा जुलाबाचा जंतू तिसऱ्या वर्गातला होता, आणि वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात रांधत होती.

बंदीचा कागद घेऊन आलेली आरोग्य निरीक्षक तिची सख्खी नणंद होती.

"पोटात कळ नाही, ताप नाही. धडधाकट बाईला घरी बसवलंस," वहिनी म्हणाली. "नणंद ती नणंदच."

"औषध संपल्यावर शौचाचे दोन नमुने स्वच्छ आले की जा. कायदा मी केलेला नाही."

"केला असतास तर मला पहिल्या वर्गात घातलं असतंस."

पहिला नमुना स्वच्छ आला. सोमवारपर्यंत वहिनी रुजू झाली नाही, तर बदली बाईला कायम करू, असं मुख्याध्यापिकेने कळवलं होतं. दुसऱ्या नमुन्याकडे सगळ्यांचे डोळे लागले.

दुसऱ्यात जंतू निघाला. पण आधीचा नव्हे, त्याच कुळातला दुसऱ्या जातीचा.

निरीक्षक दिवसभर हॉटेलांच्या मोऱ्या तपासून थकली होती. तरी घरी न जाता ती दादाकडे गेली आणि खुर्चीत बसली.

"वहिनी, हा नमुना कोणाचा?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने वर्तमानपत्र वर धरलं.

"पहिल्या वेळी माझी झोप उडाली होती," वहिनी म्हणाली. "म्हटलं, आता कशाला धोका? हे दगड पचवतात. यांचाच दिला."

"दगडाखाली काय आहे ते मला काय ठाऊक," वर्तमानपत्राआडून दादा म्हणाला.

"दादा, तूसुद्धा?"

"बायको एरवी माझं काही मागत नाही गं."

निरीक्षकाला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोघांना दवाखान्यात नेऊन स्वतःसमोर नमुने घेतले. वहिनीचा स्वच्छ निघाला. दादाचा नाही.

"म्हणजे मी स्वच्छच होते," वहिनी म्हणाली.

"होतीस. पण आता घरात रोगी आहे. त्याचं औषध संपून तुझी पुन्हा तपासणी होईपर्यंत त्या स्वयंपाकघरात तुला पाऊल टाकता येणार नाही."

"सोमवार?"

निरीक्षकाने मान हलवली. 'नाही' म्हणायचंही तिच्या जिवावर आलं होतं. तिने नवा कागद काढला आणि त्यावर भावाचं नाव लिहिलं. दादाने सही केली. आपला पेला, आपला टॉवेल वेगळा ठेवायचा, हात साबणाने धुवायचे, हे तिने त्याला लहान मुलाला सांगावं तसं दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा "हो" म्हणाला.

वहिनी ओट्याकडे वळली.

"नवी बाई कशी रांधते गं? तू तपासायला जातेस ना तिथे?"

"स्वच्छ आहे. मीठ जरा जास्त टाकते."

"मुलं ताटात टाकत असतील."

"टाकतात."

"तिला सांग, मीठ शेवटी घालायचं. चाखून," वहिनी म्हणाली आणि दादाचा पेला वेगळा काढून ठेवला.