दुसऱ्यांदा विचारतील

मला ते घर हवं होतं. हे वाक्य लिहायला काही लागत नाही. तोंडाने म्हणताना माझी जी शोभा झाली, ती सांगतो.

आमचं गाव अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं. इथे दोन माणसांचा धक्का लागला तर दोघंही माफी मागतात, आणि मग आधी कोणी मागायला हवी होती यावर पुन्हा मागतात. मी शाळेच्या बस दुरुस्त करतो. मी आणि माझी बायको मार्लिस खताच्या दुकानाच्या वर भाड्याने राहायचो. जिना शिडीसारखा उभा. मार्लिसचे गुडघे गेलेले. खाली उतरायच्या आधी ती खिडकीतून बघायची, काम तितकं महत्त्वाचं आहे का म्हणून. बहुतेक वेळा नसायचं.

डॅग्नीबाई क्वाले यांचं घर मागच्या गल्लीत. सगळं एकाच मजल्यावर, दाराला पायरीसुद्धा नाही. त्यांच्या दारातला बर्फ मी कित्येक हिवाळे उपसला. म्हातारी वृद्धाश्रमात गेली, आणि घर विकायला तिचा जावई विन्स न्यू जर्सीहून आला. सरळ माझ्याकडेच आला.

"ऑरिन, सासूबाई म्हणतात घर तुम्हालाच द्या. विक्रीची पाटी लावायच्या आधी विचारतोय. एक लाख दहा हजार डॉलर. घेताय?"

बोललो: "छे हो, आम्हाला कशाला एवढं घर!"

म्हणायचं होतं: हो.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिला नकार म्हणजे नुसतं खाकरणं. दुसऱ्यांदा विचारलं की "तुम्हाला उगाच अडचण" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "आता एवढा आग्रह आहे तर". कॉफी आम्ही अशीच पितो. माझं लग्नही असंच झालं.

विन्स म्हणाला, "ठीक आहे." गाडीतून पाटी काढली आणि अंगणात ठोकली. हातोडा माझाच मागून घेतला.

बोललो: "जरा डावीकडे कलतेय. थांबा, मी धरतो."

म्हणायचं होतं: (इथे छापण्यासारखं काही नाही.)

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही?" मार्लिस म्हणाली.

"विचारतील. त्यांच्याकडे पद्धत जरा सावकाश असेल."

"न्यू जर्सीत? सावकाश?"

तरी तिने लिंबाच्या वड्या केल्या. माणसाला विचारायला काही निमित्त नको का? मी ताट घेऊन गेलो. विन्सने पहिल्या फटक्यात दोन उचलल्या. "नको" नाही, "अर्धीच द्या" नाही. चर्चच्या दानपेटीत कुणी हात घालावा तसा मी बघत राहिलो.

"झकास झाल्यात. अजून काही काम होतं?"

बोललो: "हवा छान आहे आज."

बाहेर गारा पडत होत्या.

मग वृद्धाश्रमात गेलो.

"डॅग्नीबाई, घराचं कसं काय?"

"चाललंय. तू नको म्हणालास, असं कळलं."

"म्हणालो खरा."

"मला वाटलं, तुला याहून चांगलं मिळालं असेल. पुन्हा विचारून तुला कशाला संकोचात टाकू?"

"मीही तेच म्हटलं. तुम्हाला कशाला त्रास."

दोघं खिडकीतून बाहेर बघत बसलो. बाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती. जागा चांगली आहे, यावर आमचं एकमत झालं.

शनिवारी आम्ही गाडीने त्या गल्लीतून सहज जात होतो. त्या सकाळी चौथ्यांदा सहज. अंगणात परकी गाडी होती, डी मॉइन शहरातली. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक गृहस्थ टेप घेऊन ओटा मोजत होता, शेजारी त्याची बायको ओट्यावर हात ठेवून उभी, आणि मागे विन्स.

"उतर," मार्लिस म्हणाली.

"अगं, ते बघतायत. मध्येच जाणं बरं दिसत नाही."

"ऑरिन, मला बरं दिसायचं नाहीये. मला चालायचंय."

उतरलो. आत गेलो.

बोललो: "चालू द्या तुमचं, मी नंतर येतो."

बोललो: "म्हणजे, येतो असं नाही."

बोललो: "मला हे घर हवंय."

म्हणायचं होतं: तेच.

बसचं इंजिन चालू असताना ओरडतो, तसा आवाज निघाला. त्या गृहस्थाच्या हातून टेप सुटून सर्रकन आत गेली.

"अहो, मग तुम्हीच घ्या की! आम्ही काय, नुसतं बघत होतो."

"नाही हो, तुम्ही आधी आलात." देवाशपथ सांगतो, हे माझंच तोंड.

"छे, छे, तुम्ही गावचे."

"तरी पण, तुम्ही इतक्या लांबून—"

"लांब कसलं! आम्हाला फिरायची हौसच आहे."

विन्स आळीपाळीने आमच्याकडे बघत होता. "एक मिनिट, राव. घर कुणाला नकोय, यावर भांडताय का तुम्ही?"

तेवढ्यात मार्लिस चौकट धरून आत आली. गाडीपासून तिथवर चालत आली होती, कुणाचा हात न धरता.

"आम्हाला हवंय," ती म्हणाली. "विसाराचा चेक पर्समध्ये आहे."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. तिने माझ्या बुटावर पाय ठेवला आणि तिथेच ठेवला. डी मॉइनची बाई ओट्यावरचा हात काढेना. मग काढला. "छान आहे हो ओटा," एवढंच म्हणाली. तिला ते घर खरंच हवं होतं. मला अजूनही तिला पत्र लिहून माफी मागावीशी वाटते. पत्ता नाही म्हणून वाचलोय.

गावात बोभाटा झाला. ऑरिनने घर मागितलं म्हणे. तोंडाने. परक्यांच्या देखत. कॅफेत वर्ना कॉफीचं भांडं घेऊन आली, मी सवयीने "नको" म्हटलं, आणि ती चक्क पुढच्या टेबलाकडे गेली.

"अगं, वर्ना!"

"आता तुझं काय सांगावं बाबा," ती म्हणाली. "नको म्हणजे नको असेल."

सामान लावायच्या दिवशी मी खोकी उघडत होतो. मार्लिस स्वयंपाकघरातून अंगणात गेली. परत आली. पुन्हा गेली. हात रिकामेच.

"काय विसरलीस?"

"काही नाही," ती दारातून म्हणाली. "जाऊन येतेय."