कोरेकाकांचं रीळ

दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, तशी तिने नजर खिडकीकडे वळवली. पन्नाशी गाठली तरी तो खट्ट आवाज तिला सोसत नव्हता.

"कडेच्या स्पंजचं पार डांबर झालंय," तो काडीला कापूस गुंडाळत म्हणाला. "पण जीव आहे यात. किती वर्षं पडून होता?"

"बेचाळीस."

"एवढा चांगला कॅमेरा? का बरं?"

त्याने सहज विचारलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, याला कळलंच.

"काकांनी फोटो काढायचं सोडलं," ती म्हणाली.

आत्याच्या लग्नाचे फोटो काकांनी काढले होते आणि त्यातला एकही आला नव्हता. रीळ आत नीट अडकलं नाही, फिरलंच नाही, माझीच चूक, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. घराने त्यांचं नाव कोरेकाका ठेवलं आणि तेच चिकटलं. आत्या वर्षभर बोलली नाही. बोलायला लागली तेव्हा सख्ख्या भावाला 'दादा'ऐवजी 'कोरे' म्हणू लागली. आतोबा गेले तेव्हा लग्नातला एक तरी फोटो हवा होता, म्हणून आत्या पुन्हा रडली.

खरं काय ते काकांच्या या पुतणीला एकटीला ठाऊक होतं. त्या दिवशी काका कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवून, "सांभाळ गं," म्हणून जेवायला गेले होते. आठ वर्षांच्या तिने आतले फोटो बघायला भर उन्हात झाकण उघडलं, हातभर रीळ ओढलं, चित्रं दिसेनात म्हणून परत कोंबलं. पुढे बोभाटा झाला तेव्हा तिने तोंडातून ब्र काढला नाही. कुणी कोरेकाका म्हटलं की तीही सगळ्यांबरोबर हसायची. त्या हसण्याची तिला सर्वांत जास्त लाज वाटे.

दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीतून एक डबी काढली. तिच्यातली रिळाची गुंडाळी उलगडून उजेडात धरली. ती काळीकुट्ट होती.

"झाकण उघडलं होतं कुणीतरी," तो म्हणाला.

"नाही, ते फिरलंच नव्हतं. काका म्हणाले होते."

"छे! न फिरलेलं रीळ धुतलं की काचेसारखं स्वच्छ निघतं. काळं होतं ते उजेड लागला तर. कुणी धुतलं होतं हे?"

"काकांनीच."

"मग त्यांना तेव्हाच कळलं असणार."

ती स्टुलावर बसली. पुढचं तो जे बोलला, त्यातलं तिला काही ऐकू आलं नाही.

रविवारी आत्याकडे सगळे जमले तेव्हा तिने कॅमेरा काकांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी नेऊन खटका दाबून पाहिला.

"आणि पिशवीतली डबी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिळाली."

"टाकून द्यायला हवी होती मी," काका म्हणाले आणि नवं रीळ भरू लागले. बोटं कुठेही चुकत नव्हती.

मग त्यांनी सगळ्यांना सोफ्यावर दाटीवाटीने बसवलं.

"कोरेंच्या हातात कॅमेरा!" आत्या म्हणाली. "मोबाइलवरही काढून ठेवा रे कुणीतरी."

हशा पिकला. काकाही हसले. ती हसली नाही.

"आत्या, तुझ्या लग्नाचं रीळ..."

"बोलू नकोस," काका कॅमेऱ्याआडून म्हणाले. "फोटो हलेल."

त्यांनी तिला पुन्हा एकदा वाट काढून दिली होती. आता नुसतं गप्प राहिलं की झालं.

"ते मी उघडलं होतं," ती म्हणाली. "काकांनी नाही."

खटका पडला. आत्या उठून आत गेली आणि ते सगळे निघाले तरी बाहेर आली नाही.

पंधरा दिवसांनी फोटो धुऊन आले. ते घेऊन काका तिच्यासोबत आत्याकडे गेले. आत्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. एकेक फोटो बघत ती सोफ्यावरच्या त्या फोटोपाशी थांबली.

"दादा," ती म्हणाली, "हा मोठा करून दे. भिंतीवर लावते."

काकांनी चष्मा नीट केला. फोटो हातात घेऊन त्याकडे नको इतका वेळ पाहत राहिले.

"दुसरा निवड," शेवटी ते म्हणाले. "यात ही हललीये."

"असू दे," आत्या म्हणाली.