तुऱ्यांपलीकडचा वारा

१९८५च्या मे महिन्यात उमाकांत सरांनी मधुमतीला बोलावणं धाडलं, तेव्हा त्यांचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. मेजर असलेल्या मुलाकडे, जयपूरच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये ते शेवटचे दिवस काढत होते. मधुमती नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीपायी जयपूरला आलेली. तिचा प्रबंध मात्र अजून सरांच्याच हाताखाली चालला होता.

सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. त्यातला वेगवान वारा किरीटातल्या, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या तेजोवलयातल्या, काळ्या विवरांतून येतो, हे तोवर ठरलं होतं. संथ वाऱ्याचं कोडं सुटलं नव्हतं. ग्रहणात सूर्याभोवती लांब तुरे दिसतात, संथ वारा तिथूनच निघतो, आणखी कुठूनही नाही, असं सर दहा वर्षं ठासून सांगत आले होते.

अंतराळयानांनी टिपलेले संथ वाऱ्याचे एकतीस झोत मधुमतीने घेतले. प्रत्येकाच्या वेगावरून चार-पाच दिवस मागे जात सूर्यावरची जागा काढली. एकोणीस झोत तुऱ्यांपाशी पोचले. बारा पोचेनात.

"निघालं का गं?" सरांनी विचारलं. कूलरच्या घरघरीत आवाज जेमतेम ऐकू आला.

सून अलका दारातून मान हलवून सुचवत होती, हो म्हणा.

"एकोणीस जुळतात, सर. बारा नाही जुळत. ते सूर्यडागांच्या कडेला जातात."

"चुकली असशील."

"तीनदा केलंय."

सरांनी तिने पुढे केलेला कागद डोळ्यांशी धरला, मग चादरीवर टाकला. "माझं नाव काढ निबंधावरून," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. ती अर्धा तास बसून राहिली. ते वळले नाहीत.

"हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, ताई?" फाटकापाशी अलकाने विचारलं.

पुढे ती दोनदा गेली. दोन्ही वेळा अलकाने दारातूनच सांगितलं, झोपलेत. नवव्या दिवशी सर गेले.

निबंध शोधपत्रिकेकडे तिच्या एकटीच्या नावाने गेला. चार महिन्यांनी परत आला. परीक्षकाने लिहिलं होतं, मागे जाण्याच्या या रीतीत दहा-पंधरा अंशांची चूक सहज होते. हे बारा झोतही तुऱ्यांतलेच असू शकतात.

मधुमतीने ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं. परीक्षकाचं म्हणणं खोडता येईना. एवढी चूक होऊ शकते, हे तिलाही आधीपासून ठाऊक होतं. सरांपुढे मात्र ते तिच्या तोंडून निघालं नव्हतं.