धोंडीराम मिस्त्रीची उडी

"मामा, ह्यो पिंजरा माणसाला हाय का वाघाला?"

अमरसिंह ट्रॅक्टरच्या सीटवर ऐटीत बसून विचारत होता आणि धोंडीराम मिस्त्री खाली पाठीवर झोपून बोल्ट आवळत होता.

"गप बस. हालू नगंस. छप्पर तुझ्या डोक्याच्या मापानं लावायचंय."

चंदगडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच धोंडीरामचं वर्कशॉप होतं. ट्रॉल्या, नांगर, मोडलं-तुटलं असेल ते सगळं तो गेली अठरा वर्षं तिथे जोडून देत होता. गडी मूळचा कुरुंदवाडचा, सपाट मुलखातला. उतारावर तिरका उभा असलेला ट्रॅक्टर दिसला की अजून तो नजर फिरवी, पण हे तो कुणाला कशाला सांगेल?

ट्रॅक्टर विजयसिंहांचा होता आणि अमरसिंह त्यांचा ड्रायव्हर. एका मालकी रानातली तोडलेली झाडं डोंगरावरून रस्त्यापर्यंत ओढून आणायचं काम त्यांनी घेतलं होतं आणि ते पावसाच्या आत उरकायचं होतं. शेतातला ट्रॅक्टर तसाच रानात घालता येत नाही. बुंधा खालून लागला की इंजिनाच्या तेलाचं भांडं फुटतं, फांद्या रेडिएटरात घुसतात आणि ओढता ओढता तार तुटली तर ती सणसणत मागून चालकाच्या पाठीवर येते. धोंडीरामने पोटाखाली जाड प्लेट बसवली. पुढे जाळी, सीटच्या मागे दुसरी जाळी, टायरच्या व्हॉल्व्हवर लोखंडी टोप्या. शेवटी डोक्यावर चौकट घेतली. तिचे मागचे खांब त्याने मडगार्डला न लावता थेट ॲक्सलला आवळले. आणि सीटला पट्टा लावला.

त्या पट्ट्यापाशी गाडं अडलं.

"ह्यो कशाला?" अमरसिंहने पट्टा दोन बोटांनी उचलून विचारलं.

"पालथा झालास तर आत ऱ्हायला पायजेस म्हणून. भार चौकट घेतीया. तू भाईर पडलास तर तीच चौकट तुझ्या अंगावर येतीया. कळलं?"

"पालथा व्हायची वाट कोण बघत बसतंय? मी उडी मारणार. तुमच्यागत!"

समोर चहाला थांबलेले चार-पाच ड्रायव्हर खो-खो हसले. विजयसिंहही हसले. धोंडीरामची उडी त्या रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हती? वीस वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर कॅनॉलच्या बांधावरून कलंडला तेव्हा धोंडीराम चालवत होता. एक, दोन, तीन मोजलं आणि झोकून दिलं. ट्रॅक्टर या अंगाला, धोंडीराम त्या अंगाला. सीझनला आलेला प्रत्येक नवा ड्रायव्हर ही हकीकत ऐकूनच पुढे जाई. धोंडीराम ती सांगायचाही झकास. कुठे थांबायचं, कुठे चहाचा घोट घ्यायचा, सगळं ठरलेलं.

खरं असं होतं की त्याने उडी मारलीच नव्हती. चाक दगडावर चढलं, सीट उसळली आणि तो पोत्यासारखा चिखलात फेकला गेला. मोजायला वेळ कुणाला होता? शुद्धीवर आला तेव्हा भोवती माणसं जमली होती आणि त्यातलं कुणीतरी म्हणालं, "उडी मारली म्हणून वाचला गडी!" त्यावर तो "व्हय" म्हणाला. एवढंच. बाकीचं सगळं त्या एका शब्दावर वर्षानुवर्षं चढत गेलं.

"सांगा की मामा," अमरसिंह म्हणाला, "त्या दिवशी पट्टा असता तर आज हितं असता का तुमी?"

आता बोलायला हवं होतं. पोरा, मी उडी मारली नाही, मी पडलो, आणि पडलो तो नशिबाने भलत्या बाजूला पडलो नाही. शब्द अगदी ओठावर आले होते. पण सगळे ड्रायव्हर त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि त्या कौतुकाची त्याला सवय झाली होती. धोंडीराम हसला.

"आमची गोष्ट येगळी," तो म्हणाला. "तू पट्टा लाव."

त्या सांगण्यात काही जोर नव्हता, हे त्याचं त्यालाच कळलं.

संध्याकाळी अमरसिंहची आई, बयाबाई, ट्रॅक्टर बघायला आली. नवरा गेल्यावर काजूच्या कारखान्यात बिया फोडायचं काम करून तिने हा एकुलता एक वाढवला होता. चीक लागून काळी पडलेली बोटं तिने खांबावरून फिरवली.

"मिस्त्री, ह्यात माझं पोरगं ऱ्हाईल न्हवं नीट?"

"आक्का, हत्ती बसला वर तरी वाकायची न्हाय."

हे मात्र त्याने खरं सांगितलं होतं.

काम सुरू झालं. सकाळी ट्रॅक्टर वर जाई, उन्हं कलली की खाली येई. पानगळ झालेली, रानात घोटा बुडेल इतका पाचोळा, आणि पाचोळ्यावर चाक सरकतं. धोंडीरामला सगळं दिसल्यासारखं व्हायचं. हातातली वेल्डिंगची कांडी थांबायची. रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला की तो बाहेर येऊन बघे. अमरसिंह हात करी. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर जवळून गेला तेव्हा धोंडीरामला दिसलं, पट्टा सीटच्या मागून फिरवून तिथेच अडकवून टाकला होता. मध्ये लोंबकळू नये म्हणून.

"आरं, पट्टा!" तो ओरडला.

"व्हय मामा!" अमरसिंह ओरडला आणि गेला.

उद्या सकाळी चढाच्या तोंडाशीच गाठायचा आणि सगळं सांगून टाकायचं, असं धोंडीरामने ठरवलं. सकाळी एक ट्रॉली तातडीची आली. दुसऱ्या दिवशी हुपरीला भाचीचं लग्न निघालं. मग आठवडा गेला, काही झालं नाही, आणि काही होणारही नाही असं त्याला वाटायला लागलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला विजयसिंहांचा फोन आला. नाव बघून त्याने आधी वेल्डिंग बंद केलं.

ओंडका बुंध्याला अडकला होता. अमरसिंहने जोर लावला, ट्रॅक्टर पुढून उचलला गेला आणि कुशीवर पडला. त्याने उडी मारली. उताराच्या बाजूला, आणि चौकट त्याच्यावरच आली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाल्यावर ट्रॅक्टर वर्कशॉपसमोर आणून उभा केला. चौकट सरळ होती. एका कोपऱ्याचा रंग तेवढा खरवडला होता. पट्टा सीटच्या मागे अडकवलेलाच होता.

"मामा," विजयसिंह पडेल आवाजात म्हणाले, "तुमचं काम मात्र एक नंबर. केसभर वाकलं न्हाय बघा."

धोंडीरामला वाटलं, त्यापेक्षा यांनी तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तो बयाबाईकडे गेला. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तो उंबऱ्याजवळच बसला. बयाबाईनेच विचारलं, "मिस्त्री, तुमी उडी मारून वाचलासा. मग माझंच पोरगं कसं न्हाय वाचलं?"

हा प्रश्न ती विचारणार हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं.

"आक्का, मी उडी मारली न्हवती," तो म्हणाला. "फेकला गेलतो. लोकं म्हणाली उडी मारली, मी व्हय म्हणालो. वीस वरसं तेच सांगत आलो."

बयाबाईने मान वर केली.

"अमऱ्याला ठावं हुतं?"

"न्हाय."

"का न्हाय सांगितलासा?"

"लाज वाटली, आक्का. चारचौघात."

ती रडेल, शिव्या देईल, चालती वाट धर म्हणेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. तिने फक्त पदर सारखा केला. बाहेर अंगणात माणसांचं बोलणं चाललं होतं.

"भाईर डायवर बसल्यात, अमऱ्याच्या बरूबरचं," ती म्हणाली. "उद्यापास्नं त्यातलाच एकजण त्यो ट्रॅक्टर चालवणार. जावा. चारचौघात सांगा."

धोंडीराम उठला. अंगणात सतरंजीवर सात-आठ जण बसले होते. त्याला बघून त्यांनी सरकून जागा केली. "या मामा, बसा," कुणीतरी म्हणालं.

तो बसला नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि उभ्यानेच म्हणाला, "पोरांनो, मी उडी मारली न्हवती. मी पडलो हुतो."

एकजण हसायला गेला, आणि थांबला.